कोपराच्या मापाचं मेज

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिथे थंडी मात्र अशी पडायची, की सकाळी रांजणातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा दिसायचा. म्हणून त्या राज्यात गोधड्या शिवणाऱ्या बायांना मोठा मान होता. गावाच्या उतारावर त्यांची एक आळीच होती.

त्या आळीचा एक रिवाज होता. कापड कापायचं ते जमिनीवरच. भुईवर कापड पसरायचं, उकिडवं बसायचं आणि सरकत सरकत कात्री चालवायची. चाळिशी उलटली की बाईच्या पाठीला पोक यायचं. मग आळीतल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "आता ही खरी गोधडीवाली झाली."

येसू याच आळीतली. तिची आई तिथली सगळ्यांत जुनी कारागीर. पण म्हातारीची पाठ इतकी वाकली होती, की तिला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे. कोण आलं, ते ती पायांवरून ओळखायची.

एके सकाळी येसू अस्तर कापून उठायला गेली आणि तिच्या कंबरेत उसण भरली. कशीबशी भिंतीला धरून ती उभी राहिली, पण मान वर होईना. समोर आई येऊन थांबली होती. येसूला दिसले ते फक्त आईचे पाय.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

आई इतकी वर्षं जगाकडे अशी बघते आहे, हे तिला त्या घडीला कळलं. आधी तिच्या अंगावर काटा आला. मग राग आला, आणि तो काही केल्या उतरेना.

कंबर मोकळी होताच ती सुताराकडे गेली.

"सुतारदादा, मला मेज करून द्या. उभं राहून कापड कापायचंय."

"उभं राहून?" सुतार हसला. "उंची किती ठेवू?"

"ठेवा की, मेजाची असते तेवढी."

सुतारानं आपल्या अंदाजानं मेज केलं. येसू त्यावर दोन दिवस राबली आणि तिसऱ्या दिवशी कंबर पुन्हा ठणकू लागली. मेज जेमतेम मांडीपर्यंत येत होतं. म्हणजे बसून वाकायच्या ऐवजी ती आता उभ्यानं वाकत होती!

ती परत गेली. सुतारापुढे ताठ उभी राहिली. हात कोपरात दुमडले आणि कोपराच्या चार बोटं खाली खूण करून म्हणाली, "इथवर. ना वर, ना खाली."

या वेळी तिनं गोठ्याचं रुंद दार काढून दिलं. सुतारानं ते तासून गुळगुळीत केलं आणि त्याला चार उंच पाय लावले. येसूनं मेज भिंतीला टेकवलं नाही, खोलीच्या मधोमध ठेवलं. कापड ओढत बसण्यापेक्षा आपणच त्याच्याभोवती फिरावं, हा तिचा विचार. खिडकीचा उजेड डाव्या अंगानं येईल असं बघितलं, म्हणजे कात्रीच्या हाताची सावली कापडावर पडायची नाही. पृष्ठभागावर जुनी घोंगडी ताणून बसवली, कापड निसटू नये म्हणून. कापड मोजायला कडेला वीत-वीत अंतरावर खाचा पाडल्या आणि टाचा दुखू नयेत म्हणून पायाखाली गवताची जाड चटई टाकली.

त्या दिवशी तिनं तीन गोधड्यांचं कापड कापलं आणि संध्याकाळी ताठ मानेनं पाण्याला गेली.

बातमी आळीच्या कारभारणीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कुणाला चिंध्या द्यायच्या, कुणाला दोरा द्यायचा, सगळं तिच्या शब्दावर चाले. सगळ्या तिला मावशी म्हणत. चार बाया बरोबर घेऊन ती येसूच्या दारात आली.

"हे काय थेर मांडलंयस?"

"मेज आहे, मावशी. कापड कापायचं."

"आपल्या आज्या जमिनीवर बसल्या, आया बसल्या, मी बसले. आमच्या पाठी मोडल्या, तेव्हा कुठे या आळीचं नाव झालं. तुझीच पाठ काय सोन्याची लागून गेली?"

"तुमच्या पाठी मोडल्या याचं मला वाईट वाटतं," येसू म्हणाली. "पण माझी मोडल्यानं तुमची सरळ होणार आहे का?"

कारभारणीचा चेहरा लाल झाला. तिनं बरोबरच्या बायांना खूण केली. करवत आणलेलीच होती. बघता बघता मेजाचे चारही पाय वीतभर उंचीचे राहिले.

"आता बस खाली," कारभारीण म्हणाली. "आजपासून आळीची एक चिंधी तुला मिळायची नाही."

येसू खाली बसली नाही. "पाय कापलेत, मावशी. पण माप माझ्या कोपरात आहे. ते कसं कापाल?"

बाया निघून गेल्या. भुशाच्या ढिगाऱ्यात येसू एकटीच उभी राहिली आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई परसात गेली. बऱ्याच वेळानं परत आली. दुमडलेल्या पोटाशी तिनं एक सपाट दगड धरला होता. तो तिनं मेजाच्या एका पायाखाली सरकवला.

"आई, तूच म्हणायचीस ना, रिवाजाच्या वाटेला जाऊ नको म्हणून?"

"म्हणायचे," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "चूक होती माझी. जा, अजून दगड आण. मला एवढाच उचलवतो."

सूर्य मावळायच्या आत मेज पुन्हा येसूच्या कोपराला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या गावांत फिरून जुनी लुगडी, फाटके सदरे मागून आणू लागली. आळी तिच्याशी बोलत नव्हती. तिची कात्री चालू होती.

त्या साली किल्ल्यावरून निरोप आला. थंडी पडायच्या आत शिपायांसाठी दोनशे गोधड्या हव्यात. आळी कामाला लागली. आठवडाभर बाया जमिनीवर वाकून कापत होत्या. एक आडवी झाली, मग दुसरी झाली. दहाव्या दिवशी मोठं अस्तर कापता कापता खुद्द कारभारणीच्या कंबरेत उसण भरली. चौघींनी तिला उचलून घरी नेलं. निम्मं कापड तसंच पडून होतं.

तीन दिवसांनी कारभारीण काठी टेकत येसूच्या दारात आली. येसू कात्री हातात घेऊन मेजाच्या आड उभी राहिली.

"पुन्हा करवत आणलीत?"

कारभारणीनं मान हलवली. तिनं माफी मागितली नाही. चूक झाली, असंही म्हणाली नाही. काठी भिंतीला लावून ती हळूहळू मेजाशी आली आणि घोंगडीवर दोन्ही हात टेकून तिनं लांब श्वास सोडला.

हळूच म्हणाली, "मला हे उंच पडतंय."

त्या घडीला येसूला बोलता आलं असतं, आणि बोलण्यासारखं खूप होतं. पण ती खाली बसली आणि प्रत्येक पायाखालचा एक-एक दगड काढून घेतला.

"आता बघा, मावशी. पण एक ऐकून ठेवा. हे मेज आता आळीत सगळ्यांसाठी राहील. आणि ज्या पोरी नव्यानं कामाला लागतील, त्यांच्यातली एकही जमिनीवर बसणार नाही."

कारभारणीनं कात्री उचलली. "कापड दे," ती म्हणाली.

किल्ल्याच्या गोधड्या वेळेवर गेल्या. वर्षभरात आळीच्या घराघरात मेज आलं, पण कुठल्याच दोन मेजांची उंची सारखी नव्हती. येसूच्या आईची पाठ काही सरळ झाली नाही. गेलेलं परत मिळत नाही. पण त्या आळीत नंतर जन्मलेल्या पोरी म्हाताऱ्या झाल्या, तरी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत राहिल्या.

तात्पर्य: आपण एक दुःख सोसलं, म्हणून पुढच्यानंही ते सोसावं असा रिवाज कुणी घातला, तर तो मोडायलाच हवा.