सबनीससाहेबांची खुर्ची

“मग सबनीससाहेबांना कुत्र्यांचाच एवढा कळवळा का, बुवा? माणसांनी काय त्यांचं घोडं मारलं होतं?”

शिवानंद लोमटे मठाच्या पायरीवर उभा राहूनच बोलत होता. ‘बस’ म्हटलं तरी बसला नव्हता.

गिरीबुवा चुलीपुढे भाकरी थापत होते. नदीकाठच्या या दत्ताच्या मठात ते एकटेच राहत. गेल्या आठवड्यापर्यंत दोघं होते. मागच्या खोलीत निवृत्त जिल्हा न्यायाधीश सबनीस राहायचे. ते गेले.

“पेपर वाचलात? ‘श्वानप्रेमी न्यायाधीश कालवश’! फोटोसुद्धा कुत्र्याबरोबरचा.”

“फोटोत कुत्रं बरं आलंय,” बुवा म्हणाले.

शिवानंदला हसू आलं नाही.

“आज पाचला बाररूममध्ये शोकसभा आहे. एकेक काळा कोट उठेल आणि गळा काढेल. मीही उठणार आहे. पण मी खरं ते सांगणार.”

“काय सांगशील?”

हे त्याने मनात इतक्यांदा घोळवलं होतं, की सगळं धडाधड बाहेर पडलं. त्याचे वडील माणिक लोमटे जिनिंगमध्ये रखवालदार होते. तिथल्या मुनिमाचा खून झाला आणि आळ त्यांच्यावर आला. खटला सबनीससाहेबांपुढे चालला. वडील म्हणत होते, मी त्या वेळी नाक्यावर चहाला गेलो होतो, एका ट्रकड्रायव्हरने मला तिथे पाहिलंय. ड्रायव्हर माल घेऊन गुजरातेत गेला होता. तो परत येईपर्यंत वडिलांनी कोर्टाकडे एक तारीख मागितली.

“आपल्या कोर्टात तारखा लिमलेटच्या गोळ्यांसारख्या वाटतात, बुवा. ज्याला नको त्याच्याही खिशात कोंबतात. माझ्या बापाला एक मिळाली नाही. का? तर दुसऱ्या दिवसापासून उन्हाळी सुट्टी लागत होती! साहेब म्हणाले, ‘पुरे झालं.’ आणि जेवून आल्यावर जन्मठेप.”

“अपील केलं असेल.”

“केलं. ते सुनावणीला यायच्या आत वडील तुरुंगातच वारले. क्षयाने.”

“आणि तो ड्रायव्हर?”

शिवानंद अडखळला.

“त्याचा ट्रक घाटात कोसळला... पुढच्याच पावसाळ्यात.”

बुवांनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

“म्हणजे सांगायला कुणी उरलं नाही.”

“मी उरलोय ना! पुढच्या महिन्यात मी स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतोय. परीक्षा पास झालोय, नेमणूक आलीय. आणि मी थांबणार, बुवा. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असेल तर वर्ष थांबेन, दहा वर्षं थांबेन. साहेबांच्या जागी मी असतो तर थांबलो असतो!”

“थांबला असतास...”

“नक्की.”

बुवांनी भाकरी उतरवली. निम्मी मोडून त्याच्या हातात दिली.

“चल.”

मठामागे औदुंबर होता. त्याच्या बुंध्याला साखळी होती, आणि साखळीला एक तांबडं कुत्रं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. समोर पाण्याचं जर्मनचं भांडं भरलेलं, तसंच. आणि चार हातांवर एक लोखंडी खुर्ची.

“सकाळी हे दूधवाल्याला चावलं,” बुवा म्हणाले. “दूधवाला म्हणतो, चावलं म्हणून लाथ घातली. लोक म्हणतात, लाथ घातली म्हणून चावलं. गाव दगड घेऊन मागे लागलं होतं. मी घेऊन आलो.”

“आणि दूधवाला?”

“दवाखान्यात पाठवला. सुया चालू झाल्या.”

“मग हे कशाला ठेवलंय?”

“पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर दहा दिवसांच्या आत मरतं. नाही मेलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं.” बुवांनी खुर्चीवरची पानं झटकली. “साहेब इथं बसायचे. गावात कुठल्या कुत्र्यावर आळ आला, की म्हणायचे, मारू नका, माझ्याकडे आणा. बांधायचे आणि बसायचे. दहा दिवस. ऊन असो, थंडी असो.”

शिवानंद खुर्चीपासून दोन पावलं मागे सरला.

“अस्सं! हे तुमचं श्वानप्रेम! माणसाला एक तारीख नाही, आणि कुत्र्याला दहा दिवस!”

“हो.”

“आणि तुम्ही हे बघत बसलात? हे प्रायश्चित्त म्हणायचं? माझ्या बापाच्या बदल्यात कुत्री? स्वस्तात सुटले की!”

“सुटले?” बुवांनी विचारलं.

तो प्रश्न शिवानंदने ऐकलाच नाही. त्याने घड्याळ पाहिलं. नुकते तीन वाजून गेले होते.

“सभा पाचला ना?” बुवा म्हणाले. “तोवर बस इथं. भाकरी मागितली तर दे. नाही मागितली, तर थांब.”

“एवढंच?”

“एवढंच. तू थांबणारा आहेस.”

त्या शब्दांनी शिवानंद खुर्चीवर बसला. बसण्याआधी मात्र त्याने भिंतीशी टेकवलेली कळकाची काठी उचलून जवळ घेतली.

बुवांनी काठीकडे पाहिलं. पलीकडे जाऊन धुणं पिळू लागले.

कुत्रं पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडलं होतं. जीभ बाहेर. जिभेवरून लाळेचा एक धागा मातीपर्यंत आलेला. उन्हाने कुठल्याही कुत्र्याची लाळ गळते. पिसाळल्यानेही गळते.

वाटेवरून डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी चालली होती. ती थबकली.

“अगंबाई! साहेब गेले, पण खुर्ची काही रिकामी राहिली नाही!”

“मी पाच वाजेपर्यंतच आहे, मावशी.”

“साहेबसुद्धा पहिल्यांदा असंच म्हणले होते,” म्हातारी हसली आणि निघून गेली.

शिवानंदने भाकरी पुढे केली. कुत्र्याने बघितलं नाही. भांडं पायाने पुढे सरकवलं. कुत्र्याने मान फिरवली.

पाण्याला भितंय... त्याच्या मनात आलं. की तहान नाही? उन्हात बांधलेल्या कुत्र्याला तहान नाही?

“बुवा! हे पाणी पीत नाही!”

“सकाळपासून.”

“मग आणखी काय बघायचंय? उघड दिसतंय!”

“काय दिसतंय?”

शिवानंद चिडून मनात भाषण जुळवू लागला. ‘मित्रहो, मी आज अश्रू ढाळायला उभा नाही...’ पण वाक्य पुढे जाईना. डोळे कुत्र्यावर आणि डोकं भाषणावर, ते साधत नव्हतं. माशा घोंघावत होत्या. खुर्चीचं लोखंड पाठीला पोळत होतं. त्याने घड्याळ पाहिलं. काटा हललाच नव्हता की काय?

कुत्रं घशातल्या घशात गुरगुरलं. की कण्हलं?

मग ते उठलं. आळोखेपिळोखे दिले, साखळी ताणली. सकाळी सापडेल तो गळपट्टा त्याच्या गळ्यात अडकवला होता. मान वाळकी आणि गळपट्टा मोठा. कुत्र्याने डोकं खाली घालून मागे ओढ घेतली, आणि गळपट्टा कानांवरून सरकन निघाला.

ते मोकळं झालं होतं.

क्षणभर दोघंही जागच्या जागी होते. कुत्रं आणि शिवानंद.

“बुवा...!”

“थांब!” बुवा ओरडले. “हलू नकोस, थांब!”

कुत्रं धावलं. सरळ त्याच्याकडे, तोंड उघडं टाकून.

काठी कधी उचलली गेली ते शिवानंदला कळलं नाही. फक्त आवाज ऐकू आला. नारळ फुटावा तसा. मग पुन्हा एकदा. दुसऱ्याची गरज नव्हती.

औदुंबराखाली पुन्हा माशांचा आवाज तेवढा राहिला.

बुवा ओल्या हातांनी आले. उकिडवे बसले. कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, मग काढला. खांद्यावरचं उपरणं त्याच्या डोक्यावरून पांघरलं.

शिवानंद उभाच होता.

“अंगावर आलं माझ्या... तुम्ही पाहिलंत ना?”

बुवांनी उपरण्याची टोकं नीट केली.

“लाळ होती तोंडाला. पाणी पीत नव्हतं. मी काय करायला हवं होतं? चावू द्यायला हवं होतं?”

त्याने काठी टाकली. कपाळावरचा घाम पुसायला डावा हात वर केला, आणि तो हात मध्येच थबकला.

मुठीत भाकरी होती. घट्ट दाबून तिचा चुरा झाला होता. कुत्रं जिथून धावलं आणि जिथं पडलं, ती ओळ त्या मुठीशी येऊन संपत होती.

तो भाकरीकडे बघत राहिला. मग उपरण्याकडे. मग परत भाकरीकडे.

पाच वाजायला अजून बराच वेळ होता.

“बुवा...” त्याचा आवाज एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. “पिसाळलेलंच होतं ना?”

बुवांनी रिकामा गळपट्टा उचलला. माती झटकली.

“बुवा, बोला ना काहीतरी. पिसाळलेलंच होतं ना ते?”

बुवांनी गळपट्टा खुर्चीच्या पाठीला अडकवला.

“सबनीससाहेबही रोज एवढंच विचारायचे. एका रखवालदाराबद्दल.”