सगुणाची अर्धी शाळा आणि पलीकडचा काठ

"आणखी शिकायचं? आणि तेही माझ्या पैशानं?" उदाजीराव महाराज सिंहासनावरून अर्धे उठलेच. "पोरी, पाच वर्षं तुला माझ्या लष्करी शाळेत फुकट जेवू घातलं, घोडा दिला, तलवार दिली. आता काय राहिलं?"

"पूल, महाराज," सगुणा म्हणाली.

सगुणा ही धोंडू ताऱ्याची मुलगी. वाकी नदीवर नाव चालवणाऱ्याची. शाळेच्या जाहीरनाम्यात 'फक्त मुलगे' असं लिहायचं कारकून विसरला होता, म्हणून ती आत शिरली; आणि परीक्षेत पहिली आली, म्हणून तिला बाहेर काढणं कुणाला जमलं नाही. आता तिला नदीपलीकडच्या चंदनपूरच्या विद्यापीठात तीन वर्षं पूल बांधण्याची विद्या शिकायची होती.

"गेल्या श्रावणात वाकी ओलांडताना आपले अकरा स्वार वाहून गेले," ती म्हणाली. "माझ्याच तुकडीतले होते. तलवारीनं वर्षभरात एकही मेला नाही, महाराज."

फडणीस त्रिंबकपंत लगेच पुढे सरसावले. महाराज शाळेतल्या हत्तीच्या झुलीवर हजारो उधळत तेव्हा पंत मान डोलवत. पण पुस्तकाचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायचं.

"सरकार, ही शिकून तिकडेच राहिली तर? हिला जामीन कोण?"

"मी!" मागून धोंडू पुढे आला.

"तू? अरे, पूल झाला तर तुझी नाव काठावर वाळत पडेल!"

"पडंल की! ती परत आली तर माझा धंदा बसतो, पंत. तरी ती येईलच, असं मी सांगतोय. याहून पक्का जामीन कुठून आणू?"

महाराजांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. हट्टी माणूस एकदा 'नाही' म्हणाला की 'हो' म्हणायला त्याला निमित्त लागतं, आणि महाराजांना तर आपल्या शाळेचा भलताच अभिमान. देशोदेशीच्या पाहुण्यांना ते आधी शाळा दाखवीत, मग जेवायला वाढीत.

"एका प्रश्नाचं उत्तर दे," ते म्हणाले. "माझी शाळा पुरी की अपुरी? 'पुरी' म्हणालीस, तर आणखी शिकायचं कारणच उरत नाही. दारूगोळ्याच्या कोठारावर जन्मभर पहारा कर. 'अपुरी' म्हणालीस, तर तो माझ्या शाळेचा अपमान. पाच वर्षांचा सगळा खर्च भरून दे. आणि गप्प राहिलीस, तर दोन्ही शिक्षा! तीन दिवस दिले."

पंतांनी आनंदानं डबीतली तपकीर ओढली. लेक आणि बाप खाली मान घालून घरी गेले.

"बा, तुमची नाव विकली तरी पाच वर्षांचा खर्च निघायचा नाही," सगुणा म्हणाली.

"नाव विकायचं पुढचं पुढे. तू आधी भाकरी खा. उपाशीपोटी डोकं चालत नाही," धोंडू म्हणाला.

दोन दिवस ती नदीकाठी बसून राहिली. भाद्रपदातली वाकी दोन्ही थड्या भरून धावत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दरबारात निरोप धाडला : 'उत्तर तयार आहे. पण ते नदीवर द्यावं लागेल. शाळेचे सगळे गुरुजी आणि सगळी पलटण सोबत असावी.'

महाराज हत्तीवरून आले. पलटण आली. शाळेचे मुख्य उस्ताद हैबतराव मिशांना तूप लावून आले. पंत छत्री घेऊन आले.

"बोल! पुरी की अपुरी?"

"माझं उत्तर दोन भागांत आहे, महाराज. पहिला भाग या काठावर." सगुणानं पलटणीकडे हात केला. "आपल्या शाळेनं आम्हाला घोडा शिकवला, भाला शिकवला, व्यूह शिकवला. कशात खोट काढायला जागा नाही. शाळा पुरी आहे!"

"संपलं तर मग!" पंत ओरडले. "लावा पहाऱ्याला!"

"पंत, भाग दोन आहेत. दुसरा मी पलीकडच्या काठावर सांगणार. चला महाराज!"

महाराजांनी नदीकडे पाहिलं. झाडंच्या झाडं वाहत चालली होती. हत्तीनं एक पाय पाण्यात घातला आणि लगेच मागे घेतला.

"धोंडू, नाव काढ!"

"माफी असावी, महाराज. आज वाकी कुणाला पलीकडं जाऊ द्यायची नाही. तुम्हालाबी नाही!"

"हैबतराव, तुम्ही काहीतरी करा!"

हैबतरावांनी पाण्याकडे पाहिलं, पलटणीकडे पाहिलं, आणि शेवटी ते आपल्या मिशांकडे वळले. "सरकार, शत्रू असता तर... पण हे पाणी आहे."

पलीकडच्या टेकडीवर चौकीचं निशाण फडफडत होतं. सगुणानं तिकडे बोट दाखवलं.

"महाराज, ते निशाण कुणाचं?"

"माझं!"

"आणि त्यामागची ती गावं?"

"माझीच! चंदनपुरापर्यंत सगळं माझंच राज्य आहे!"

"मग हाच उत्तराचा दुसरा भाग, महाराज! आपली शाळा पुरीच आहे, पण ती या काठापर्यंत. आपलं राज्य मात्र तिच्याहून मोठं निघालं! आता आपणच हुकूम करा : शाळा वाढवायची, की राज्य आटवायचं?"

महाराज असे खदखदून हसले, की अंबारी डुलायला लागली.

"राज्य आटवायचं म्हणते! ऐकलंत पंत? तीन वर्षांचा सगळा खर्च दरबारचा! राहणं, जेवण, पुस्तकं!"

पंत कासावीस झाले. "पण सरकार, दफ्तरात शिक्षणाचं खातंच नाही! लिहू कुठे?"

"नदी जिंकायला निघाली आहे ना ती? मग लिहा स्वारीच्या खात्यात! आणि पोरी, परत आलीस की शाळेत पूल शिकवायची गादी तुझी. हैबतराव पहिल्या बाकावर बसतील."

सगुणानं वाकून मुजरा केला. "एकच विनंती, महाराज. चंदनपूर नदीपलीकडे आहे. पैसे वेळेवर पोचले पाहिजेत."

"पोचतील की!" महाराजांनी डोळे पुसले. "दर वर्षी भाद्रपदात पंत स्वतः घेऊन येतील!"