बाहुल्यांतला राजा कोणता?

चंद्रसेन राजाने फर्मान काढलं, "कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात यापुढे एकच चेहरा दिसेल, माझा!" फकीर, कोळीण, कासार अशा सगळ्या बाहुल्या त्याने कोठीत कोंडल्या.

खेळ करणाऱ्या रंभाक्काने हुकूम पाळला. जत्रेत पडदा वर गेला. एक राजा सिंहासनावर बसला, दुसरा कोंबडी चोरून पळाला, तिसरा त्याला जोड्याने बडवू लागला. राजासोबत खेळ बघणाऱ्या भालदाराने गोंधळून चोरालाच मुजरा केला.

राजाला कळेना, आपण मारतोय की मार खातोय!

"अगं, यातला मी कोणता?"

"मीही तेच शोधतेय, सरकार," रंभाक्का म्हणाली. "ज्यांच्यात तुम्ही उठून दिसायचात, ती माणसं तुम्ही कोंडलीत."

राजाने कोठीची किल्ली पुढे केली.