आवडाची हाक

फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, आवडा नावाची एकटी बाई होडी चालवायची. पलीकडून कुणी हाक मारली की ती "ओ" द्यायची आणि होडी सोडायची. तिची ओ आली की माणूस निवांत खाली बसायचा, असं म्हणतात.

एका संध्याकाळी पलीकडून गावातल्या शिदूनं हाक मारली. आवडा दमली होती, होडी बांधून झाली होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झोपेल पलीकडच्या देवळात, सकाळी आणू, एवढंच मनात आलं. शिदू वाट बघून ओहोटीत चालत निघाला आणि मधेच भरतीनं त्याला गाठलं. तो काही घरी आला नाही.

आवडानं आपण होऊन गावाला सांगितलं, "मी ऐकलं होतं." शिदूचा थोरला भाऊ भिवजी म्हणाला, "आता हिच्या हाकेला कुणी ओ द्यायची नाही." गावानं ते पाळलं. असलं काही पाळायला आपण भारी पक्के. होडीत बसायचे, पण तोंड फिरवून. भिवजी तर होडीत पायच ठेवत नसे, ओहोटी बघून चालत जायचा.

तेव्हापासून आवडा रोज दिवस मावळताना खाडीकडे तोंड करून विचारायची, "कोण राहिलंय का?" कुणी राहिलं असलं तर मुकाट हात हलवायचं. तिचे केस पिकले. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून ती वल्ह्याशी बोलायची, असं म्हणतात. ऐकूनसुद्धा वाईट वाटतं हो.

मग एकदा भिवजी खाडीत असताना धुकं उतरलं. वाट चुकली, पाय चिखलात रुतले, भरती चढू लागली. तेवढ्यात हाक आली, "कोण राहिलंय का?" धुक्यात हात हलवून काय उपयोग? भिवजीनं दात आवळले. पाणी गळ्याशी आलं. हाक पुन्हा आली, आणि त्याला उमगलं, ही बाई इतकी वर्षं शिदूलाच हाक मारतेय. त्यानं ओ दिली. धुकं मधोमध फाटलं आणि होडी सरळ त्याच्यापाशी आली, असं म्हणतात.

होडी काठाला लागली. मग आवडा म्हणाली, "भिवजीदादा, परत एकदा ओ दे ना." त्यानं दिली, आणि लहान मुलासारखा रडला. धक्क्यावरची माणसंही मग एकेक करून ओ देऊ लागली.

आता पूल झाला, होडी गेली. पण ज्यांचं बोलणं तुटलंय, त्यांना आजही संध्याकाळी त्या धक्क्यावर नेतात. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. बाकी काही विचारायचं नाही. मग सगळे खाडीकडे वळून विचारतात, "कोण राहिलंय का?" आणि ओ येईल म्हणून जरा थांबतात, मगच घरी जातात.