झावळीतली मोकळी जागा

कुणे एके काळी, समुद्रापासून लांब डोंगरात एक माड होता. त्याच्या झावळीत उन्हाच्या जोरावर पाणी फुटायचं आणि मग साखर तयार व्हायची. क्लोराइड नावाचा खारट कण तिथे नुसता उभा असायचा.

"साखरेत तुझं काय असतं रे?" झावळीने विचारलं.

"काही नाही, ताई. पाणी फुटताना मी जवळ असतो, एवढंच."

"मग जागा अडवू नकोस."

तो पावसाबरोबर वाहून गेला.

पुढे ऊन होतं, पाणीही होतं, पण पाणी फुटेना. झावळी पिवळी पडली. तिच्या कुशीतला कोवळा नारळ भूक भूक करत गळून पडला.

एका सकाळी समुद्राकडून खारा वारा आला, त्याच्याबरोबर क्लोराइडही.

"ये बाबा, तुझी जागा मोकळीच आहे," झावळी म्हणाली.

तिची कूसही मोकळीच होती.