धनेशाचा सत्कार

डोंगराच्या उतारावर एक दाट रान होते आणि त्या रानातल्या उंच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत होते.

मुलांनो, धनेश तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. मोठी, बाकदार चोच असलेला हा पक्षी. त्याची घर करण्याची रीत निराळी असते. अंडी घालायची वेळ झाली की मादी ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून टाकते. चोच तेवढी बाहेर येईल अशी एक फट ठेवते. आत बसल्यावर तिच्या पंखांतली पिसे गळून पडतात आणि नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तेवढे दिवस तिचे आणि पिलांचे पोट एकट्या नराच्या येण्याजाण्यावर असते. तो फळ आणतो, फटीतून आत देतो आणि पुन्हा उडतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

आपला हा धनेश त्या कामात कधी चुकला नव्हता. त्याच्या हातून आणखीही एक काम होऊन गेले होते. काही वर्षांपूर्वी वणवा लागून पलीकडची टेकडी उघडीबोडकी झाली होती. धनेश रोज त्या टेकडीवरून जाई. जाता-येता त्याच्या चोचीतून, विष्ठेतून फळांच्या बिया खाली पडत. त्या रुजल्या आणि बघता बघता टेकडीवर सावली धरणारी झाडे उभी राहिली. रानातल्या मंडळींनी ठरवले, धनेशाचा जाहीर सत्कार करायचा.

निरोप घेऊन साळुंकी आली. सभांची सगळी व्यवस्था तिच्याकडे असे.

"परवा सकाळी सत्कार आहे," ती म्हणाली. "अध्यक्ष म्हणून गवेकाका येणार आहेत."

धनेश घुटमळला. "माझी पिलं तीन दिवसांची आहेत, ताई. पिलं बाहेर पडल्यावर ठेवला तर नाही का चालणार?"

"आमंत्रणं गेली आहेत हो सगळीकडे. आणि छोटासाच कार्यक्रम आहे. ऊन चढायच्या आत मोकळे व्हाल."

इतक्या जणांनी आपल्यासाठी जमायचे ठरवले आणि आपण नाही म्हणायचे, हे धनेशाला जमले नाही. त्याने मान हलवली.

सत्काराच्या दिवशी पहाटेच उठून त्याने चार उंबरे आणली आणि फटीतून आत दिली. आतून धनेशिणीने विचारले, "कधीपर्यंत याल?"

"ऊन चढायच्या आत. तसं कबूल केलंय त्यांनी."

"जाऊन या. चांगलं काम केलंय तुम्ही, कोणी चांगलं म्हणत असेल तर ऐकून घ्यावं. पण दुपार करू नका. धाकट्याला एका वेळी फार जात नाही, त्याला थोडं थोडं सारखं द्यावं लागतं."

"नाही करत दुपार," धनेश म्हणाला.

सभा ओढ्याकाठच्या मोठ्या कातळावर होती. धनेश पोहोचला तेव्हा सूर्य नुकताच डोंगरावर आला होता. गवाही वेळेवर आला होता. पण मोर यायचा होता आणि मोराशिवाय सुरू करणे बरे दिसणार नाही, असे साळुंकीचे म्हणणे पडले. मोर आला तोपर्यंत कातळ तापायला लागला होता. मग स्वागत झाले. स्वागत करणाऱ्यांचे स्वागत झाले. नंतर प्रास्ताविक करायला वानर उभे राहिले.

"मी आपला फार वेळ घेणार नाही," वानर म्हणाले.

वणवा लागला तेव्हा आपण कुठल्या झाडावर होतो, तिथून आपण कुठल्या झाडावर गेलो, आपल्या आजोबांच्या काळी वणवे कसे असत, त्या काळची फळे किती गोड असत आणि आताची पिढी कशी फळ अर्धे खाऊन टाकून देते, हे सगळे त्यांनी सांगितले. धनेशाचे नाव अजून आले नव्हते.

धनेशाला मानाची जागा म्हणून उंच दगडावर बसवले होते. तिथून उठले तर सगळ्यांना दिसणार होते. तो दगडाच्या सावलीकडे पाहत होता. सकाळी ती ओढ्याच्या पाण्यापर्यंत गेली होती. आता ती वाळूवर आली होती. एरवी या वेळेपर्यंत त्याच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या असत्या. चार उंबरे किती वेळ पुरतील? दोन थोरल्याने खाल्ली असतील. धनेशीण स्वतः काही खाणार नाही, पिलांसाठी ठेवील. धाकटा सकाळी फटीशी आला नव्हता, तो आतच का बसला होता? हे त्याला तेव्हा सुचले नव्हते आणि आता एकदा सुचल्यावर डोक्यातून जाईना.

वानरांचे भाषण संपले. धनेशाने हळूच साळुंकीला हाक मारली. "ताई, मी जरा घरी जाऊन येऊ का? लगेच परत येतो."

"सत्कारमूर्तीच उठल्यावर सत्कार कोणाचा करायचा?" साळुंकी कुजबुजली. "आता दोनच राहिलेत. मोर आणि अध्यक्ष. असं मध्येच उठणं बरं दिसत नाही हो."

मोर बोलायला उभा राहिला. टेकडीवर झाडे आल्यामुळे आपल्याला नाचायला सावली मिळाली, हे त्याने सांगितले आणि तिथून तो नाचाकडे वळला. नाचाचे प्रकार किती, ते कोणी कोणाकडून शिकावेत, हल्ली ते नीट कोणी का शिकत नाही, यावर तो बोलत राहिला. खाली बसलेली मंडळी चुळबुळत होती. पाडसाला गवतात ठेवून आलेली एक हरिणी सारखी मागे वळून बघत होती. धनेशाच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेकराने दोनदा डोळे मिटून उघडले आणि विचारले, "हे अजून तेच बोलताहेत का?"

"तेच," धनेश म्हणाला.

"तुम्ही सारखे सावलीकडे का बघताय?"

"घरी पिलं आहेत. पहाटेनंतर काही दिलेलं नाही त्यांना."

शेकरू त्याच्याकडे बघत राहिले. "मग बसलात कशाला?"

धनेशाकडे याला उत्तर होते, पण ते आता स्वतःलाही पटण्यासारखे वाटेना. सगळे काय म्हणतील, हे ते उत्तर होते.

मोर बसला. दगडाची सावली आता दगडाच्या पायथ्याशीच गोळा झाली होती. धनेशाला वाटले, संपले. पण साळुंकीने पुकारले, "आता वानरराव मानपत्राचं वाचन करतील." वानर पुन्हा उठले. त्यांच्या हातात केळीचे लांबलचक पान होते आणि ते दोन्ही बाजूंनी भरलेले होते.

आता जरा त्या बेहड्याकडे जाऊ. सभेत भाषणे चालली होती तेव्हा तिकडे ढोलीत काय चालले होते, तेही कळायला हवे.

ऊन चढले तेव्हा धनेशिणीने फटीतून चोच बाहेर काढून पाहिले. धनेश दिसला नाही. कार्यक्रम लांबला असेल, असे तिने स्वतःला सांगितले. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिले. थोरले पिलू भुकेने ओरडत होते. धाकटे आधी ओरडत होते, मग गप्प झाले. त्याचे गप्प होणे तिला ओरडण्यापेक्षा वाईट वाटले. तिने त्याला चोचीने हलवले. त्याने मान उचलली आणि पुन्हा टाकली.

ऊन डोक्यावर आले आणि तिच्या मनातली शंका पक्की झाली. इतक्या दिवसांत धनेशाला एवढा उशीर कधी झाला नव्हता. ज्याने दुपार करणार नाही म्हणून सांगितले तो दुपार झाली तरी आला नाही, याचा अर्थ तिला एकच लागला. त्याला गरुडाने धरले असेल, नाहीतर तो कुठे जाळ्यात अडकला असेल. तो आता येणार नाही.

मग आत बसून काय उपयोग होता? तिने चोचीने भिंत फोडायला सुरुवात केली. चिखल वाळून कडक झाला होता. एक एक ढेकूळ खाली पडत होते. पंखात पीस नाही, हे तिला माहीत होते. ढोली जमिनीपासून किती उंच आहे, हेही माहीत होते. पण पिलांना काहीतरी आणायला हवे होते आणि आणणारे दुसरे कोणी उरले नव्हते, असे तिला वाटत होते.

इकडे वानर मानपत्र वाचत होते. पान उलटून त्यांनी आवाज चढवला.

"आणि गृहस्थ म्हणून तर आमच्या सत्कारमूर्तींचा आदर्श साऱ्या रानाने घ्यावा. पिलाने तोंड उघडण्याआधी घास घेऊन हजर होणारा असा पिता..."

धनेश उठून उभा राहिला.

वानर थांबले. साळुंकी खुणेने त्याला खाली बसायला सांगू लागली. पण धनेश बसला नाही.

"वानरराव, माफ करा. तुम्ही जे वाचताय ते आज खरं नाही. माझी पिलं पहाटेपासून उपाशी आहेत. मी निघालो."

एवढे बोलून त्याने पंख पसरले. वाटेत ओढ्याकाठच्या उंबरावर क्षणभर टेकून त्याने घशात मावतील तेवढी फळे भरली आणि तो जिवाच्या आकांताने घराकडे उडाला.

बेहडा दिसला. ढोलीची भिंत अर्धी फुटली होती. धनेशीण अर्धी बाहेर आली होती. पिसे नसलेले पंख तिने उघडले होते आणि ती खाली जमिनीकडे पाहत होती.

"थांब, मी आलोय," तो लांबूनच म्हणाला.

तिने वर पाहिले. मग ती हळूहळू मागे सरकली. "मला वाटलं, तुम्ही गेलात," ती म्हणाली.

"तसं काही नव्हतं. मी नुसता बसलो होतो," धनेश म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

थोरल्या पिलाने उंबर लगेच गिळले. धाकट्याला गिळवेना. धनेशिणीने फळाचा गर चोचीत मऊ केला आणि थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडला. पहिला बाहेर आला. दुसराही आला. ऊन कलेपर्यंत दोघे त्याच्याजवळ बसले होते. मग कधीतरी त्याच्या गळ्याची हालचाल झाली आणि एक थेंब आत गेला. त्यानंतर आणखी एक.

सभेत धनेश गेल्यावर बराच गलबला झाला. "हा सभेचा अपमान आहे," मोर म्हणाला. वानर मानपत्राचे पान हातात धरून तसेच उभे होते. साळुंकी म्हणाली, "आपण वाचन पूर्ण करू या. अध्यक्षांचं भाषणही व्हायचंय."

तेव्हा शेकरू बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याची मादी ढोलीत कोंडलेली असते. तो गेल्याशिवाय तिला घास मिळत नाही. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं."

हरिणी उठली आणि पाडसाकडे निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जण उठले. गव्याने चार दिवस खपून भाषण तयार केले होते. तो उभा राहिला, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि "सभा संपली" एवढेच म्हणाला.

दिवस मावळायच्या सुमारास धनेश बेहड्याच्या फांदीवर बसून फुटलेल्या भिंतीकडे बघत होता. ती आजच लिंपायला हवी होती. पण त्या उन्हाळ्यात ओला चिखल फक्त ओढ्याच्या काठाला उरला होता आणि उघड्या ढोलीत पिलांना सोडून इतक्या लांब जायला त्याचा जीव धजत नव्हता.

खाली पाचोळा वाजला. गवा आला होता. त्याची दोन्ही शिंगे ओल्या चिखलाने बरबटलेली होती. त्याने ती मुद्दाम ओढ्याच्या काठात खुपसून आणली होती आणि चिखल सुकू नये म्हणून सावलीसावलीने तो आला होता.

गवा बुंध्याशी येऊन उभा राहिला आणि त्याने मान वर केली. धनेश खाली उतरला. चोचीत चिखल घेऊन तो वर जाई, धनेशीण आतून तो थापून बसवी आणि तो पुन्हा खाली येई. एका शिंगावरचा चिखल संपला.

शेवटी गवा म्हणाला, "मी अध्यक्ष होतो. त्यांना थांबवणं माझ्या हातात होतं."

"आणि उठणं माझ्या," धनेश म्हणाला.

गव्याने मान हलवली नाही, कारण अजून एका शिंगावर चिखल शिल्लक होता.

तात्पर्य : ज्याचा गौरव करायचा त्याच्या गरजेची जाणीव नसेल, तर मोठमोठ्या भाषणांनी त्याचा छळच होतो, आणि घरी आपल्या भरवशावर कोणी बसले असेल, तर भरल्या सभेतून उठून जायला संकोचू नये.