केवडाची पायरी आणि मंत्राची पायरी

एक होतं सोपानपूर. तिथे राजा होता, प्रधान होता, पण गोष्ट त्यांची नाही, बरं का. गोष्ट आहे केवडाची. केवडा म्हणजे सगुणाबाईंची सून.

सोपानपुरात एक टेकडी होती आणि टेकडीला समोरासमोर दोन जिने होते. एक जिना माणसांचा. वर्षाचं व्रत नीट पार पडलं, उद्यापन झालं, की माणसानं त्या जिन्याची एक पायरी चढायची. दुसरा जिना मंत्रांचा. त्याच्या एकेका पायरीवर एकेक मंत्र राहायचा. खालचे मंत्र साधे. चूल पेटवायची, हरवलेली गाय शोधायची. वरचे मंत्र मात्र जबर.

केवडा नुकतीच पाचव्या पायरीवर पोचली होती. सगुणाबाई म्हणाल्या, "पाचवी चढलीस ते खरं, पण दूध आजही उतू गेलंच." केवडा गालात हसली. सासूबाईंचं कौतुक असंच यायचं, हे तिला ठाऊक होतं.

मग एके सकाळी काय झालं, अंगणात धप्प धप्प वाजलं. बघतात तर राक्षस. ताडाएवढा उंच, गुडघ्यापर्यंत चिखल. नाव त्याचं पाषाण्या. तो ज्याच्याकडे टक लावून बघेल त्याचा दगड व्हायचा. आणि हा बाबा सारवलेलं अंगण तुडवत थेट उंबऱ्याशी आला. आळीतली सगळी दारं लागली. सगुणाबाई मात्र पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. बोट वर केलं आणि म्हणाल्या, "आधी पाय धुऊन..."

बस, तेवढंच. पाषाण्यानं पाहिलं आणि सगुणाबाईंची शिळा झाली. बोट वर, तोंड उघडं, पदराला पीठ. पीठसुद्धा दगडाचं.

"बरा दगड आहे," पाषाण्या म्हणाला. "माझ्या भिंतीत एक कोपरा रिकामा राहिलाय. दिवस मावळताना न्यायला येतो." आणि गेला.

तव्यावर पोळी जळत होती तरी केवडाला वास येईना. तिनं सासूबाईंचं बोट धरून पाहिलं. गार. काल याच बोटानं त्यांनी तिच्या कपाळाचं कुंकू सारखं केलं होतं.

मग ती उठली आणि धावत टेकडीवर गेली. मनाशी म्हणाली, मी पाचव्या पायरीची, तर मंत्रही पाचव्या पायरीचा. मंत्र शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुमाय तिथे पूजेला बसल्या होत्या, म्हणून विचारायला थांबली नाही. मंत्रांच्या जिन्यावर पाचव्या पायरीला दगडाचं माणूस करणारा मंत्र होता. तो तिनं पाठ केला आणि घरी आली.

मग तिनं मंत्र म्हटला. शिळा हलली नाही. पण तुळशीवृंदावन उचललं गेलं आणि छपरावर जाऊन बसलं. शेजारणी बाहेर आल्या त्या वर बघतच राहिल्या.

केवडाला वाटलं, सोवळं चुकलं. मग आंघोळ करून, ओल्या केसांनी पुन्हा म्हटला. तर आळीतल्या कोंबड्या म्हशींसारख्या हंबरायला लागल्या. पोरंटोरं रडायची विसरली.

मग तिनं डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा म्हटला. आणि तिच्याच पायाची बोटं दगडाची झाली.

शेजारच्या मंजुळाकाकू म्हणाल्या, "अगं, सासूच्या जोडीला सूनही द्यायचीय का भिंतीत?"

तेवढ्यात काठी टेकत गुरुमाय आल्या. छपर पाहिलं, कोंबड्या ऐकल्या, पायाची बोटं पाहिली.

"कितवा मंत्र म्हटलास?"

"पाचवा."

"आणि तू कितव्या पायरीवर?"

"पाचव्याच."

गुरुमायांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तुझी पाचवी वेगळी आणि मंत्राची पाचवी वेगळी."

केवडा चाटच पडली. "पायरी ती पायरीच ना, गुरुमाय?"

"नाव एक आहे, जिने दोन आहेत. मंत्र म्हातारे असतात, लेकी. दमत दमत चढतात. तू दोन पायऱ्या चढतेस तेव्हा मंत्र एक चढतो. पहिलीला तुला पहिला मिळाला. तिसरीला दुसरा. आता पाचवीला आलीस, तर तिसरा मिळेल. पाचवा मंत्र तुझ्या हाती यायला तुला नववी पायरी गाठावी लागेल. मीच म्हटला असता, पण दात गेले आणि दातांबरोबर उच्चारही गेले."

केवडानं शिळेकडे पाहिलं. "तोवर सासूबाई भिंतीत जातील."

"ऐक तर. तिसरा मंत्र शाप सोडवतो. शाप सगुणेला नाही, त्या पाषाण्याला आहे. त्याचा सुटला की त्यानं दगड केलेले सगळे सुटतील. मात्र म्हणताना त्याची नजर तुझ्यावर पडता कामा नये."

"मग आत्ताच पाठ करते."

"पाठ कर आणि झोप," गुरुमाय म्हणाल्या. "न झेपणारा मंत्र म्हणून सगळं बळ सांडलंस. ते झोपेतच भरतं. भरलं तरी हा मंत्र दोनदाच निघेल."

तिसरा मंत्र पाठ करून भर दुपारी केवडा पदर पांघरून झोपली. मंजुळाकाकूंचा हात हनुवटीवरून निघेना. "सासू अंगणात शिळा होऊन उभी, आणि ही घोरतेय?" पण गुरुमायांनी कुणाला तिला हलवू दिलं नाही.

उन्हं कलली तशी केवडा जागी झाली. पायाची बोटं मऊ झाली होती. आणि अंगणात धप्प धप्प वाजलं.

ती सासूबाईंच्या शिळेमागे दडली. भीतीनं डोळे मिटले आणि मंत्र म्हटला. तो जाऊन लागला दाराच्या खांबाला. वाळक्या खांबाला पालवी फुटली. आता एकच उरला.

पाषाण्यानं शिळेला हात घातला. केवडाला समोर दिसलं ते सासूबाईंचं वर केलेलं बोट. मग तिला काय सुचलं कोण जाणे. शिळेमागूनच, सासूबाईंच्याच आवाजात ती म्हणाली, "आधी पाय धुऊन ये."

पाषाण्याचे हात थांबले. "ये म्हणालीस?" त्यानं हळूच विचारलं. "मला? आजवर कुणी ये म्हणालं नाही."

"ये म्हणाले. पण पाय धुऊन."

दाराशी पाण्याची घागर होती. एवढा मोठा राक्षस, पण मुकाट्यानं वाकला आणि खाली बघून पाय चोळायला लागला. नजर पायांवर होती. केवडानं डोळे उघडे ठेवून तिसरा मंत्र म्हटला.

मग काय पाहावं, ताडाएवढा राक्षस आटत आटत साधा माणूस झाला. तिकडे दूर त्याची भिंत ढासळली, आणि तिच्यातून माणसं जांभया देत बाहेर पडली. आणि इकडे दगडाचे ओठ हलले.

"...ये," सगुणाबाई म्हणाल्या. सकाळचं वाक्य पुरं झालं. मग त्यांनी खाली वाकलेल्या माणसाकडे पाहिलं. "धुतलेस वाटतं. बस, पान वाढते. केवडे, पोळी जळलेली दिसते. आणि तुळस छपरावर कुणी नेली?"

केवडा हसायला गेली आणि रडायलाच लागली. सगुणाबाईंनी पिठाच्या हातानं तिचं कुंकू सारखं केलं.

पुढे केवडा एकेक व्रत करत नवव्या पायरीला पोचली. आणि पाषाण्या रोज पाय धुऊन जेवायला येत राहिला.

अशी ही कहाणी दोन जिने चढली, एका उंबऱ्याशी थांबली, आणि तिथेच सुफळ झाली. आता मिटा बघू डोळे, बाळांनो. उद्याचं बळ झोपेतच भरतं, बरं का.